टॅफमधला टेम्पो आणि वीस मिनिटांचं उड्डाण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मे महिन्यात तुम्ही उचगावच्या बाजूला एका शेताचं ड्रोनने सर्वेक्षण करत होता. पहिल्या दिवशी बेळगावच्या सांब्रा विमानतळाच्या टॅफमध्ये, म्हणजे विमानांसाठीच्या हवामान अंदाजात, दुपारी अडीच ते साडेसहा टेम्पो (तात्पुरता बदल), गडगडाटी पाऊस असं होतं. तुम्ही सगळी दुपार रद्द केली आणि पाऊस पडला जेमतेम वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी नुसतं प्रॉब तीस, म्हणजे तीस टक्के शक्यता, होतं म्हणून उडवलंत, तर चारच्या सुमाराला वारा असा सुटला की ड्रोन दोन शेतं पलीकडे जाऊन उतरला. आता तुम्ही विचारता, टेम्पो मानायचा की सोडून द्यायचा? आणि पुढच्या महिन्यात जांबोटीकडे लग्नाचं शूटिंग आहे, तिथे सांब्र्याच्या अंदाजावर विसंबावं का?

मी ड्रोन वैमानिकांना शिकवतो आणि उसावरची फवारणी, जमिनीची मोजणी अशी कामं स्वतःही करतो. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. माझं मत आधीच सांगून टाकतो. टेम्पोची ओळ वाचून दिवस रद्द करू नका, पण त्या ओळीच्या वेळेत एकही उड्डाण असं करू नका, ज्यातून तीन मिनिटांत जमिनीवर परत येता येणार नाही. आणि टेम्पो लिहिलेला नाही म्हणजे हवा शांत, असं तर मुळीच धरू नका. तुमची दुसऱ्या दिवशीची अडचण इथेच होती.

टेम्पोची व्याख्या नीट बघा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टेम्पो म्हणजे असा तात्पुरता बदल, जो प्रत्येक वेळी एका तासापेक्षा कमी टिकेल आणि असे सगळे बदल मिळून दिलेल्या कालावधीच्या निम्म्यापेक्षा कमी वेळ भरतील. तुमच्या टॅफमध्ये तो कालावधी ०९ ते १३ असा लिहिलेला असणार. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेतली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली अडीच ते साडेसहा. चार तासांच्या त्या खिडकीत वाईट हवा एकूण दोन तासांच्या आत राहील, बाकी वेळ टॅफच्या सुरुवातीच्या मूळ ओळीतली हवा असेल, एवढंच हवामानतज्ज्ञाने सांगितलं. ती वाईट हवा कधी येईल हे त्याने सांगितलेलं नाही, कारण ते त्यालाही माहीत नसतं. वळवाचा ढग नेमका कुठल्या शिवारावर फुटेल हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या दिवसाचा अंदाज चुकला नव्हता. वीस मिनिटांची सर ही टेम्पोच्या व्याख्येत चपखल बसते. तुम्ही त्या ओळीतून चार तास पाऊस असा अर्थ काढलात, तो त्यात नव्हताच.

आता याच गोष्टीकडे आपल्या कामाच्या बाजूने बघा. समजा चार तासांत वीस मिनिटांची एकच सर येणार आहे. तुम्ही वीस मिनिटांचं एकच उड्डाण केलं, तर ते त्या सरीत सापडण्याची शक्यता साधारण सहात एक. पण मोठ्या शेताची मोजणी म्हणजे बॅटरी बदलून बदलून एकामागून एक उड्डाणं. दुपारभर तसं उडत राहिलात तर ती सर तुम्हाला गाठणार म्हणजे गाठणारच, फक्त कुठल्या बॅटरीवर गाठेल एवढाच प्रश्न. म्हणून पाच मिनिटांच्या एका शॉटसाठी टेम्पोचा अर्थ वेगळा आणि दिवसभराच्या फवारणीसाठी वेगळा.

विमानवाल्यांना टेम्पोची एवढी चिंता का नसते, हेही समजून घ्या, नाहीतर त्यांचं ऐकून आपण फसतो. ऑस्ट्रेलियात नियम असा आहे की उतरण्याच्या वेळेला टेम्पो असेल तर ६० मिनिटं घिरट्या घालण्याइतकं जादा इंधन तरी घ्या, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं. वाईट हवा तासाच्या आत ओसरेल, तोवर वर थांबू, असा त्यामागचा हिशोब. आपल्या ड्रोनची सगळी बॅटरीच अर्ध्या तासाची. आपल्याला वाट बघायची असेल तर ती जमिनीवरच बघावी लागते. त्यामुळे विमानाच्या वैमानिकाला जी तात्पुरती अडचण वाटते, ती आपल्या उड्डाणाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतची हवा असू शकते.

प्रॉबबद्दलही थोडं. टॅफमध्ये प्रॉबच्या पुढे ३० किंवा ४० हे दोनच आकडे येतात. शक्यता ३० टक्क्यांहून कमी वाटली तर लिहीत नाहीत, आणि ५० टक्के किंवा जास्त वाटली तर प्रॉब काढून थेट टेम्पो किंवा बिकमिंग (टिकून राहणारा बदल) लिहितात. म्हणजे साधा टेम्पो दिसला की समजावं, बहुतेक हे होणारच आहे असं तज्ज्ञाला वाटतंय. प्रॉब तीस टेम्पो दिसलं की तशा तीन दुपारींतली एक. तीनातली एक ही शक्यता लाखभर रुपयांच्या यंत्रासाठी आणि खाली कुणी उभं असेल तर त्याच्या डोक्यासाठी थोडी नव्हे. गडगडाटी ढगाच्या बाबतीत मी प्रॉब तीस आणि टेम्पो यांत काहीच फरक करत नाही. दोन्हींत ढग एकाच जातीचा असतो. शक्यता कमी लिहिली म्हणून वाऱ्याचा झोत कमी जोराचा येत नाही.

बिकमिंगचं गणित वेगळं. तिथे हवा बदलते ती बदलून राहते, परत मूळपदावर येत नाही. दिलेल्या वेळेत कधीतरी बदल होतो, ती वेळ सहसा दोन तासांची, जास्तीत जास्त चारची. माझी पद्धत साधी आहे. बदल वाईटाकडे असेल तर तो वेळ सुरू होताच झाला असं धरतो, चांगल्याकडे असेल तर वेळ संपल्यावरच. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्यासाठी ०३ ते ०५ बिकमिंग, दृश्यता ५००० मीटर असं असेल तर साडेआठला रानात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही, साडेदहाला निघावं. एफएम, म्हणजे ‘या वेळेपासून’, लिहिलं असेल तर त्या मिनिटापासून सगळंच नवीन, आधीची ओळ विसरायची.

आणि एक बारीक गोष्ट, जी नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. टेम्पोच्या ओळीत फक्त बदलणाऱ्या गोष्टीच लिहितात. पाऊस आणि दृश्यता लिहिली, वारा लिहिला नाही, तर वारा मूळ ओळीतलाच समजायचा. कागदावर हे बरोबर आहे. पण ओळीत गडगडाट किंवा सीबी, म्हणजे गडगडाटी पावसाचा उंच ढग, दिसला की वारा लिहिलेला नसला तरी तो येणार असं धरूनच चाला.

आता तुमच्या दुसऱ्या दिवसाकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. टॅफ हा विमानांसाठी लिहिलेला कागद आहे. कुठला बदल लिहिण्याइतका मोठा मानायचा, याच्या मर्यादा विमानांच्या हिशोबाने ठरलेल्या आहेत. सरासरी वारा १० नॉट किंवा जास्त बदलणार असेल तर बदलाची ओळ लिहितात. वाऱ्याची दिशा ६० अंश किंवा जास्त फिरणार असेल आणि वेग आधी किंवा नंतर १० नॉट तरी असेल, तर लिहितात. झोतांच्या बाबतीतही १० नॉटचाच फरक बघतात. पावसाचंही तसंच. मध्यम किंवा जोराचा पाऊस सुरू होणार, थांबणार, गडगडाट होणार, हे ते नोंदवतात. भुरभुर पावसासाठी वेगळी ओळ लिहिलीच पाहिजे असं बंधन नाही.

हे आकडे आपल्या कामात घालून बघा. वारा ८ नॉटवरून १७ वर गेला तर फरक ९ नॉटचा, म्हणून टॅफमध्ये बदलाची ओळ येणार नाही आणि तज्ज्ञाने नियमाप्रमाणेच काम केलेलं असेल. नॉटचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ढोबळमानाने निम्मे करायचे. ८ नॉट म्हणजे सेकंदाला ४ मीटर, १७ नॉट म्हणजे पावणेनऊच्या जवळ. चार मीटरच्या वाऱ्यात तुमचा छोटा कॅमेरा ड्रोन आरामात स्थिर राहतो. पावणेनऊला तो कंपनीने दिलेल्या १०-११ मीटरच्या मर्यादेच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. विमानाला जो बदल नोंद घेण्याजोगा वाटला नाही, त्यात तुमची सगळी शिल्लक संपली.

फवारणीवाल्यांसाठी तर दिशेची मर्यादा जास्त महत्त्वाची. ६ नॉटचा वारा पश्चिमेकडून फिरून दक्षिणेकडून वाहू लागला तर दिशा ९० अंश बदलली, पण वेग १० च्या आत म्हणून टॅफ गप्प. तेवढ्या वाऱ्यात तुमच्या औषधाचे बारीक थेंब मात्र शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर जाऊन बसतात. तणनाशक असेल तर दुसऱ्या आठवड्यात शेजारी बांधावर येऊन उभा राहतो. इथे टॅफ वाचून काही कळणार नाही. बांधावर काठीला बांधलेली सुतळी किंवा रिबन आणि तिच्याकडे लक्ष ठेवणारा एक माणूस, एवढंच कामाचं. फवारणीत आणखी एक आहे. उड्डाण संपलं तरी टेम्पो संपत नाही. औषध पानावर वाळायला लेबलवर जो वेळ दिलाय, तेवढ्या वेळात टेम्पोची सर येऊ शकत असेल तर ड्रोन सुखरूप उतरूनही शेतकऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

टॅफमधला वारा कुठला, हेही विचारात घ्या. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा सरासरी वारा असतो. तुम्ही सर्वेक्षणाला १२० मीटरवर जाता. मोकळ्या सपाट माळावर तेवढ्या उंचीवर वारा साधारण ४० टक्क्यांनी जास्त मिळतो, टेकडीच्या धारेवर त्याहूनही. खाली १५ नॉट असेल तर वर २१, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ११ मीटर. घरून निघताना हा गुणाकार तोंडी करून टाकायचा.

आता तुमचा ड्रोन दोन शेतं पलीकडे का गेला ते सांगतो. तुम्ही लिहिलंय, तो ६०० मीटर लांब होता आणि रिटर्न टू होम, म्हणजे आपोआप परत बोलावण्याचं बटण, दाबूनही जागचा हलत नव्हता. ड्रोनचा हवेतला कमाल वेग सेकंदाला १५ मीटर धरा. वारा नसेल तर ६०० मीटर परत यायला ४० सेकंद लागतात. समोरून १० मीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो ५ मीटर, लागतात दोन मिनिटं. वारा १४ मीटर झाला तर उरतो सेकंदाला एक मीटर, म्हणजे दहा मिनिटं. १५ च्या वर गेला की तो पुढे न येता मागे सरकू लागतो. १० वरून १४ म्हणजे चारच मीटर वाढले, पण परतीची वेळ दोन मिनिटांची दहा मिनिटं झाली. त्यात रिटर्न टू होममध्ये उंची ८०-१०० मीटर लावलेली असेल तर ड्रोन आधी वर चढतो, म्हणजे जिथे वारा आणखी जोरात आहे तिथे जाऊन मग परतायचा प्रयत्न करतो. अशा वेळी रिटर्न टू होम रद्द करून, खाली झाडं, तारा आणि माणसं नाहीत हे बघून उंची कमी करायची आणि हाताने परत आणायचा. ३० मीटरवर आला की तोच ड्रोन बऱ्याचदा पुढे सरकू लागतो. ते जमत नसेल तर वाऱ्याशी झगडत बॅटरी संपवू नका, मोकळं रान बघून तिथेच उतरवा. तुमचा उतरला तसा. यंत्र शाबूत राहिलं, माणूस कुणी खाली नव्हता, हे बरं झालं.

तो वारा कुठून आला? वळवाचा ढग उभा वाढतो आणि पाऊस धरतो, तेव्हा त्यातून थंड हवा पावसाबरोबर खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. ही हवा पावसाच्या पुढे दहा-बारा किलोमीटरसुद्धा धावत येऊ शकते. उचगावात ऊन असतं, ढग काकती-हत्तरगीच्या बाजूला काळा दिसत असतो आणि माणूस म्हणतो, अजून लांब आहे. पाऊस लांब असतो, वारा पोचलेला असतो.

तो येताना कसा दिसतो हे डोळ्यांत साठवून ठेवा. मुतग्याच्या पुढे उसाच्या रानात मी हे अनेकदा पाहिलंय. दिवसभर पश्चिमेचा वारा असतो, उसाची पानं एका बाजूला लवलेली असतात. मग एकदम वारा पडतो. पानं सरळ होतात, सगळीकडे कोंदटल्यासारखं होतं, बगळे थव्याने खाली उतरतात. लांबच्या रस्त्यावर धुळीचा एक बुटका पडदा दिसतो, तो ट्रॅक्टरच्या धुळीसारखा एका जागेवरून वर उठत नाही, आडवा पसरत पुढे येतो. पाठोपाठ गालाला गार हवा लागते. गार हवा लागली की तुमच्या हातात एखाद-दुसरं मिनिट आहे असं समजा. वारा पडला त्याच क्षणी ड्रोन खाली आणायला सुरुवात केली असेल तर काम झालं. धूळ बघून सुरुवात केली तर धावपळ. गार वाऱ्याची वाट बघितलीत तर ड्रोन कुठे उतरेल ते तुमच्या हातात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच सांगतो, मे महिन्यात दुपारी वारा अचानक पडला की आधी ड्रोन उतरवा, मग विचारा काय झालं.

गडगडाट कानावर पडला तर उड्डाण बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मोकळ्या रानात उभं राहू नये, हा जगभर मानला जाणारा नियम आहे आणि तो ड्रोनपेक्षा तुमच्यासाठी आहे. कंट्रोलर वर धरून माळावर उभा असलेला माणूस वीज पडायला सोपा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे ॲप मोफत आहे. तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते त्यात दिसतं. ते फोनवर ठेवाच.

आता जागेचा प्रश्न. टॅफ विमानतळापुरता असतो. विमानतळाच्या हवामान नोंदींत व्हीसी असं लिहून आसपासचं म्हणून जे सांगतात, तेही विमानतळापासून ८ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्याचं. सांब्रा शहराच्या पूर्वेला, उचगाव पश्चिमेला. त्या टॅफच्या वर्तुळाच्या बाहेरच तुम्ही होता. आणि आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हवा जेवढी बदलते, तेवढी फार थोड्या जिल्ह्यांत बदलत असेल. कणकुंबी-आमगावला पावसाळ्यात धो-धो कोसळतो आणि अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. दोन्ही एकाच जिल्ह्यात. सांब्रा मधोमध. निपाणी-चिकोडीकडे काम असेल तर मी कोल्हापूरचा अंदाजही बघतो, कित्तूर-बैलहोंगलच्या पुढे हुबळीचा, खानापूर-जांबोटीला गोव्याचा. एकही तंतोतंत लागू पडत नाही. पण दोन्ही बाजूंच्या विमानतळांवर टेम्पो गडगडाट असेल तर मधल्या गावाला वगळून ढग जाणार नाही, एवढा अंदाज बांधता येतो.

जांबोटीच्या लग्नाचं बोलू. पुढच्या महिन्यात म्हणजे जूनमध्ये. तोवर मान्सून लागलेला असेल तर टेम्पोचा अर्थच बदलतो. मे महिन्यात मूळ हवा चांगली आणि टेम्पो वाईट असते. जून-जुलैत घाटाच्या तोंडाला मूळ हवाच ड्रोनसाठी वाईट असते, पश्चिमेचा सलग वारा आणि खाली आलेले ढग. टेम्पो त्याहून वाईट. तिथे तुम्ही उलटं वाचायला शिका, म्हणजे टेम्पो नसलेल्या वेळेत मूळ ओळीतला वारा तुमच्या यंत्राच्या मर्यादेत बसतो का, ते आधी बघा. तोच बसत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

ढगांची उंची तिथे विशेष सांभाळा. टॅफमधली उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजलेली असते. सांब्रा समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फुटांवर. टॅफ म्हणतो ढगांचा तळ ८०० फुटांवर. तुम्ही सांब्र्यापेक्षा ६०० फूट उंच टेकडीवर उभे असाल तर तो तळ तुमच्या डोक्यावर फक्त २०० फूट. घाटाच्या कडेला तर कोकणातून वर चढणारी हवा तिथेच ढग करते, म्हणजे सांब्र्याला ८०० फुटांवर ढग असताना तुमच्या भोवती पांढरं धुकं असतं. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणं ही कायद्याची अट आहे, आणि ढगात शिरलेला ड्रोन नजरेत नाही. शिवाय बहुतेक कॅमेरा ड्रोनना पाण्यापासून संरक्षण नसतं. ढगातलं बाष्प आणि भुरभुर मोटरीत, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या जिंबलमध्ये जातं. हीच ती भुरभुर, जिच्यासाठी टॅफमध्ये वेगळी ओळ येईलच असं नाही.

एक गोष्ट ओघाने सांगतो, कारण बरेच जण विसरतात. सांब्र्याला विमानतळाबरोबर हवाई दलाचंही केंद्र आहे. हवा कितीही चांगली असली तरी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागेचा रंग बघितल्याशिवाय बॅटरी लावू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही.

मी स्वतः दिवस कसा आखतो ते सांगतो, त्यातलं पटेल ते घ्या. आदल्या रात्री टॅफ बघतो तो फक्त कामाचा क्रम ठरवायला. टेम्पो दुपारनंतर असेल तर लांबचे, वाऱ्याच्या दिशेचे तुकडे सकाळी सात ते अकरामध्ये उरकतो, जवळचे दुपारसाठी ठेवतो. निघायच्या आधी ताजा टॅफ परत बघतो, कारण तो ठरावीक तासांनी नवा निघतो आणि अंदाज फिरला तर मध्येच एएमडी म्हणून सुधारितही येतो. रात्रीचा स्क्रीनशॉट घेऊन दुपारी उडवणारी माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नका. रानात पोचल्यावर मेटार बघतो. तो अंदाज नसून प्रत्यक्ष नोंद असते आणि त्याच्या शेवटी बऱ्याचदा पुढच्या दोन तासांचा कल जोडलेला असतो. नोसिग म्हणजे दोन तासांत लक्षणीय बदल नाही. इथेही लक्षणीय म्हणजे विमानांच्या मापाने, हे विसरायचं नाही. त्या जोडलेल्या कलात टेम्पो दिसला तर तो टॅफमधल्या टेम्पोपेक्षा जास्त गांभीर्याने घ्या, कारण तो समोरचं आभाळ बघून लिहिलेला असतो. गोव्याच्या डॉप्लर रडारचं चित्रही बघतो, पावसाचे ठिपके कुठल्या दिशेला सरकतायत तेवढ्यापुरतं.

टेम्पोची वेळ सुरू झाली की माझ्या उड्डाणाचे नियम बदलतात. अंतर निम्मं करतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जातो, म्हणजे परत येताना वारा पाठीला राहतो. बॅटरी नेहमी ३० टक्क्यांवर उतरवत असेन तर अशा वेळी ५० वर उतरवतो. सोबतचा माणूस ड्रोनकडे बघत नाही, आभाळाच्या कडेकडे बघतो, तेवढंच त्याचं काम. त्याने हात वर केला की मी प्रश्न न विचारता उतरवतो. या पद्धतीने टेम्पो असलेल्या दुपारीही बरंचसं काम होतं, आणि सर आली तेव्हा आम्ही गाडीत बसलेलो असतो.

उन्हाचाही थोडा हिशोब ठेवा. सांब्र्याच्या उंचीवर मे महिन्यात ३७ अंशांना हवा इतकी विरळ होते, की यंत्राला ती साडेपाच हजार फुटांहून जास्त उंचीवरच्या हवेसारखी वाटते. पंख्यांना जास्त फिरावं लागतं, बॅटरी लवकर उतरते, आणि झोत आला की जोर लावायला शिल्लक कमी उरते. कंपनीने दिलेली वाऱ्याची मर्यादा वाचताना हे मनात धरा. मी उन्हाळ्यात त्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाला थांबतो.

लग्नवाल्यांना मात्र आजच सांगून ठेवा की ड्रोनचे शॉट मिळतील ते उघडीप मिळाली तर, आणि वरातीच्या ठरलेल्या मुहूर्तावर मिळतीलच असं नाही. हे बोलणं ॲडव्हान्स घेताना झालं पाहिजे. नवरदेव घोड्यावर बसल्यावर आभाळ भरून आलं, मामा-काका भोवती जमून उडवा की ओ म्हणू लागले, की नाही म्हणणं फार अवघड जातं. शॉटची यादी दोन भागांत करा. देऊळ, मांडव, आजूबाजूचं हिरवं रान, हे सकाळी लवकर किंवा आदल्या दिवशीसुद्धा घेता येतं. वरातीसाठी एकच, पाच मिनिटांचा, मांडवाच्या डोक्यावर न जाता बाजूने घेतलेला शॉट ठेवा, आणि त्यासाठी बॅटरी भरलेली, ड्रोन झाकून गाडीत तयार ठेवा. पाऊस थांबून ढग वर उचलला गेला, मांडवाच्या झालरी शांत झाल्या, की तेवढी पाच मिनिटं पुरतात.